सुपरवायझर नसलेला परीक्षेचा हॉल

(दृश्य – टेकडीवरचा कॅम्पस, सकाळचं ऊन, मुलं हॉलकडे चालतायत)

नमस्कार मंडळी. हे घाना, पश्चिम आफ्रिका. राजधानी आक्रा सोडून उत्तरेला निघालं की बेरेकुसो नावाचं गाव लागतं, आणि गावाजवळच्या टेकडीवर ही अशेसी युनिव्हर्सिटी. अशेसी हा अकान भाषेतला शब्द, अर्थ सुरुवात. इथल्या परीक्षेचा सीन नीट बघा हं. सर आत येतात, पेपर वाटतात आणि निघून जातात. म्हणजे खरंच जातात, दाराबाहेर उभं राहून काचेतून बघणं वगैरे काही नाही. हॉलमध्ये फक्त मुलं, पेपर आणि घड्याळ. सुपरवायझर नाही, भरारी पथक नाही. शेजारच्याच्या उत्तरपत्रिकेवर नजर टाकायची म्हटली तर मान जरा वळवली की झालं, पण कुणी वळवत नाही, आणि हे त्यांनी स्वतः मतदान करून ठरवलंय, वरून कुणी लादलेलं नाहीये.

आजचा आपला व्हिडिओ आफ्रिकेतल्या तरुण उद्योजकांवर आहे. आता तुम्ही म्हणाल उद्योजकांवर आहे तर परीक्षेच्या हॉलपासून का सुरू केलंस? मला जेवढं समजलंय त्यात धंदा आणि हा हॉल या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, म्हणून. ते कसं ते बघू.

(दृश्य – आक्राचा रस्ता, ट्रोट्रो म्हणजे तिथल्या वडाप मिनीबस, रस्त्याकडेचे स्टॉल)

आधी एक आकडा सांगतो. आफ्रिका खंडात निम्मी माणसं साधारण एकोणीस-वीस वर्षांच्या आतली आहेत, जगात दुसरा कुठलाच खंड इतका तरुण नाही. आणि आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेचा अंदाज असा की दरवर्षी 1 कोटी ते 1 कोटी 20 लाख तरुण कामधंदा शोधायला बाहेर पडतात आणि पगारी नोकऱ्या तयार होतात जेमतेम 30 लाख. मग बाकीच्यांनी काय करायचं? स्वतःचं काहीतरी उभं करायचं, दुसरा रस्ताच नाही. त्यामुळे तिथं उद्योजक होणं ही बऱ्याच जणांसाठी हौस नाहीये, पोटाचा प्रश्न आहे. स्टार्टअपच्या चकचकीत बातम्या बघताना आपण हे विसरतो.

पण नुसता धंदा उभा करून भागत नाही, कारण आजूबाजूला लायसन्ससाठी हात पुढे करणारा साहेब असतो, वीज कधी जाईल सांगता येत नाही, दुकानातल्या मालावर गिऱ्हाइकाचा भरवसा नसतो, आणि हे सगळं ज्यांनी नीट चालवायचं ते लोक कॉलेजात शिकूनच त्या खुर्चीत बसलेले असतात. हाच मुद्दा पॅट्रिक अवुआ नावाच्या माणसाच्या डोक्यात बसला.

(दृश्य – पॅट्रिक अवुआंचे जुने फोटो)

पॅट्रिक अवुआ आक्रामध्येच वाढले. 1985 साली खिशात 50 डॉलर घेऊन अमेरिकेला गेले, स्कॉलरशिपवर स्वार्थमोर कॉलेजात इंजिनिअरिंग आणि अर्थशास्त्र शिकले, मग मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी, पगार चांगला, आयुष्य सेट. मग मुलगा झाला. आणि बाप झाल्यावर त्यांना आपला खंड परत दिसायला लागला, म्हणजे या मुलाला उद्या जग कुठल्या नजरेनं बघेल ते आफ्रिकेत काय चालतंय त्यावर ठरणार, असं त्यांना वाटायला लागलं. त्यांनी नोकरी सोडली, बर्कलीला एमबीए केलं, आणि घानात युनिव्हर्सिटी काढायची असं ठरवलं.

त्यांचा हिशोब साधा होता. त्या वेळी घानात कॉलेजपर्यंत पोचणारी मुलं होती साधारण 5 टक्के. म्हणजे उद्याचे मंत्री, जज, डॉक्टर, बँकेचे मॅनेजर, कंपन्यांचे मालक सगळे या 5 टक्क्यांतूनच येणार. मग त्यांना कॉलेजात काय शिकवलं जातं, घोकंपट्टी की विचार करणं, आणि मुळात कसं वागायची सवय लागते, यावर अख्ख्या देशाचं ठरतं. 2002 साली आक्रामध्ये भाड्याच्या जागेत 30 मुलांवर अशेसी सुरू झाली, बेरेकुसोचा हा कॅम्पस 2011 चा.

इथं इंजिनिअरिंगवाला असो की बिझनेसवाला, लीडरशिपचे सेमिनार सगळ्यांना करावेच लागतात, आणि त्यातला एक मोठा प्रश्न असतो चांगला समाज म्हणजे नेमका कसा. शेवटच्या टप्प्यात मुलं बाहेर पडून लोकांमध्ये काम करतात. आणि पहिल्याच वर्षी ग्रुप करून एखादी अडचण शोधायची आणि त्यावर छोटासा उद्योग बसवून बघायचा, हा कोर्सचाच भाग.

(दृश्य – हॉलमधली रिकामी खुर्ची, टेबलावर पेपरांचा गठ्ठा)

आता परत त्या हॉलकडे. सुपरवायझर नसण्यामागं आहे ऑनर कोड, म्हणजे प्रामाणिकपणे वागायची मुलांनी स्वतः घेतलेली प्रतिज्ञा, 2008 ची. प्रतिज्ञा दोन भागांत आहे. पहिला भाग, मी कॉपी करणार नाही. हा सोपा, म्हणजे निदान म्हणायला तरी सोपा. दुसरा भाग अवघड आहे, की दुसऱ्यानं केली तर मी ती खपवून घेणार नाही, सांगणार. आणि इथं मुलं अडखळतात. कारण मित्राचं नाव सांगणं म्हणजे चुगली ना? आपल्याला लहानपणापासून काय शिकवलेलं असतं, मित्राला धरून देऊ नये, आणि घानातही मैत्री, नाती, गाववाले याला भयंकर किंमत आहे, तिथं समाज उभाच त्याच्यावर आहे. मग माझा रूममेट, ज्याच्या घरी मी सुट्टीत जेवलोय, त्याचं नाव मी कमिटीला सांगू?

मला हा प्रश्न खूप मोठा वाटतो, प्रामाणिकपणे सांगतो, मला स्वतःला त्या वयात हे जमलं असतं का माहीत नाही. पण पुढं जाऊन बघा. तोच मुलगा दहा वर्षांनी एखाद्या हॉस्पिटलच्या खरेदी खात्यात बसलाय आणि शेजारच्या टेबलावरचा त्याचा जिगरी दोस्त कमिशन घेऊन निकृष्ट माल पास करतोय. तेव्हा तो काय करेल? गप्प बसायची सवय असेल तर गप्पच बसेल. भ्रष्टाचार करणारा एकटा असतो आणि बघून न बघितल्यासारखं करणारे पन्नास असतात, त्या पन्नासांच्या जिवावरच तो चालतो. अशेसीमध्ये त्या पन्नासांत न बसायची प्रॅक्टिस घेतली जाते, तीही वीस वर्षांच्या वयात, जेव्हा फार तर एक पेपर पणाला लागलेला असतो.

सुरुवातीला लोकांना हे पटतच नव्हतं. पोरं कॉपी करणारच, हे काय चाललंय, असं बाहेरचे म्हणायचे, आणि मान्यता देणाऱ्या सरकारी मंडळालाही शंका होत्या. अवुआ मागं हटले नाहीत.

(दृश्य – औषधाचं पाकीट, जवळून)

आता हा हॉल सोडू आणि मेडिकलच्या दुकानात जाऊ, प्रश्न तिथंही भरवशाचाच आहे. हे बघा, औषधाचं पाकीट, त्यावर एक चंदेरी पट्टी चिकटवलीय. नखानं नाहीतर नाण्यानं घासली की भुकटी पडते आणि खाली कोड दिसतो. आठवतंय का काही? आपले मोबाईल रिचार्जचे कुपन असायचे ना, अगदी तसंच. तो कोड फुकटच्या नंबरवर एसएमएस करायचा, काही सेकंदांत उत्तर येतं की औषध खरं आहे की सावध राहा. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, साधा बटणांचा फोन चालतो.

ही एमपेडिग्री, घानातली कंपनी, 2007 ची, आणि त्यामागचा तरुण ब्राइट सायमन्स. आयडिया भारी आहे पण मला जास्त आवडली ती तिची रचना. औषध घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, खर्च औषध कंपनीनं करायचा, कारण बनावट मालानं तिचंही नुकसान होतंच की. मग सगळ्या मोबाईल कंपन्यांना एका फुकटच्या नंबरवर आणायचं, एकमेकांचे हाडवैरी असलेल्यांना एका टेबलावर बसवायचं, सरकारी खात्याला पटवायचं. म्हणजे एसएमएसचं सॉफ्टवेअर हा त्यातला छोटा भाग, खरी मेहनत लोकांना एकत्र आणण्यात.

बनावट औषध म्हणजे काय हे आपण नीट समजून घेऊया, कारण ऐकताना ते नकली घड्याळासारखं वाटतं. मलेरियाचा ताप चढलेलं तीन वर्षांचं पोर आहे, आईनं साठवलेल्या पैशातून गोळ्या आणल्या, पोराला दिल्या, त्या गोळीत औषधच नाही, खडू आहे किंवा इतकं कमी औषध आहे की उपयोग शून्य. आई म्हणते औषध दिलंय, उतरेल ताप, आणि वाट बघते. ती वाट बघण्यात जो वेळ जातो त्यात पोर जातं.

आणि यात आपलं नाव पण येतं बरं का. 2009 साली नायजेरियात मलेरियाच्या बनावट गोळ्यांचा मोठा साठा पकडला होता, पाकिटावर छापलेलं मेड इन इंडिया, आणि माल बनलेला चीनमध्ये. आपल्या औषधांवर तिथल्या लोकांचा विश्वास आहे म्हणून तर चोरानं आपलं नाव छापलं.

(दृश्य – डोरा अकुन्यिली यांचे फोटो)

नायजेरियाचं नाव निघालंय तर यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. डोरा अकुन्यिली. फार्मासिस्ट, प्राध्यापक. त्यांची बहीण डायबेटिसची पेशंट, 1988 मध्ये बनावट इन्सुलिननं गेली. 2001 साली डोराबाई नायजेरियाच्या अन्न-औषध नियंत्रण संस्थेच्या, नॅफडॅकच्या प्रमुख झाल्या आणि बनावट औषधवाल्यांच्या मागंच लागल्या, गोदामं सील केली, माल सगळ्यांसमोर जाळला, लाच घ्यायला साफ नकार. डिसेंबर 2003 मध्ये त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला, गोळी त्यांच्या डोक्याला बांधलेल्या कापडातून आरपार गेली. दुसरी कुणी असती तर राजीनामा दिला असता. त्या 2008 पर्यंत त्या खुर्चीत होत्या. 2014 मध्ये कॅन्सरनं गेल्या. आज तिथं औषधाची पट्टी घासून कोड पाठवता येतो, नॅफडॅकनं ही सिस्टीम 2010 मध्ये आणली, घानाच्याच अशिफी गोगो या तरुणाची स्प्रॉक्सिल कंपनी त्यात होती. माझ्या मते या पोरांच्या कंपन्यांना पाया मिळाला तो डोराबाईंसारख्यांमुळे, एका सरकारी खुर्चीतल्या बाईनं आधी जिवावर उदार होऊन रस्ता केला आणि मग त्या रस्त्यावरून स्टार्टअप गेले. दोन्ही लागतं.

(दृश्य – नैरोबी, रंगीत पेव्हर ब्लॉक)

हा तुकडा केनियातला. न्झाम्बी मातेई, मटेरियल सायन्स शिकलेली, तेल क्षेत्रात इंजिनिअरची नोकरी होती, 2017 मध्ये सोडली आणि आईच्या परसात मशीन लावून बसली. प्लास्टिकचा कचरा आणि वाळू गरम करून एकत्र दाबायचं आणि पेव्हर ब्लॉक करायचा. मशीनचा आवाज इतका की शेजारी भांडायला आले, तिनं हातापाया पडून एक वर्ष मागून घेतलं, मित्रमैत्रिणी, बाहेर जाणं सगळं बंद. प्लास्टिक कुठलं, वाळू किती, प्रमाण चुकलं की ब्लॉक चिकटतच नाही, हे परत परत करत महिने गेले. 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानं तिला तरुणांसाठीचा मोठा सन्मान दिला. कंपनीचं नाव गेंगे मेकर्स.

पैशाचं काय, असा प्रश्न पडला असेल. नायजेरियाचे बँकवाले उद्योगपती टोनी एलुमेलू यांच्या फाउंडेशननं 2015 मध्ये 10 कोटी डॉलर बाजूला काढले, दहा वर्षांत 10,000 आफ्रिकन उद्योजकांना प्रत्येकी 5,000 डॉलर, सोबत ट्रेनिंग. 5,000 डॉलर म्हणजे सिलिकॉन व्हॅलीत काहीच नाही, पण घानाच्या एखाद्या गावात त्यात एक मशीन येतं.

आणि जोहान्सबर्गला आफ्रिकन लीडरशिप अकॅडमी आहे, 2008 पासून, पंधरा-सोळा ते एकोणीस वयाची मुलं अख्ख्या खंडातून निवडून आणतात, दोन वर्षं. कॅम्पसवर मुलांचे स्वतःचे छोटे धंदे चालतात. फी भरता येत नसेल तर ती कर्जासारखी धरतात आणि अट अशी की शिक्षण झाल्यावर आफ्रिकेत परत ये, दहा वर्षं काम कर, मग ते कर्ज माफ. शिकून बाहेर जाणाऱ्याला रोखलेलं नाही, परत यायची वाट मात्र ठेवलीय. आपल्यातल्या किती घरांत बाहेर गेलेल्या मुलांनी परत यायचा विषय अर्ध्यावर सोडलेला असतो, मला हे ऐकून भरून आलं.

(दृश्य – परत बेरेकुसो, संध्याकाळ)

अशेसीमधून निघालेली रेजिना अज्यारे हिचं घ्या. बँकेत नोकरीला होती, आयटीमध्ये. नोकरी सोडली आणि साठवलेल्या पैशातून 2012 मध्ये सोरोन्को नावाची कंपनी काढली, मुलींना कोडिंग शिकवायला लागली, आक्राच्या गरीब वस्त्यांतल्या मुलीसुद्धा त्यात आल्या. सोरोन्को म्हणजे त्यांच्या भाषेत वेगळा, एकमेव.

आणि एक राहिलं. तो ऑनर कोड एकदा 2008 मध्ये ठरला आणि संपलं असं नाहीये. आधीच्या बॅचनं हो म्हटलं म्हणून पुढच्याला आपोआप लागू होत नाही. प्रत्येक नवी बॅच येते, बसून वाद घालते, तो चुगलीचा प्रश्न परत निघतो, आणि मग ते मतदान करतात, नाही म्हणायची मुभा असते. जोवर ते हो म्हणत नाहीत, तोवर त्यांच्या हॉलमध्ये सुपरवायझर फिरत असतो.