अछामच्या आईपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातील या जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजी लागल्या आहेत. फाटकाजवळची पत्र्याची खोली चौकीदाराची. नेपाळच्या अछाम जिल्ह्यातून आलेला चौकीदार आपल्या मुलासह येथे राहत होता. पत्नी आणि धाकटी मुलगी गावीच होत्या. आजारपणात तो वारला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत शिकणारा, अस्खलित वऱ्हाडी बोलणारा त्याचा मुलगा एकटा पडला. ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई असल्याने त्याचा चेहरा येथे दाखवलेला नाही.

अंगणवाडी सेविकेने १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवले आणि मुलाला बाल कल्याण समितीपुढे हजर करण्यात आले. भारत-नेपाळ सीमा ओलांडण्यासाठी या दोन देशांच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. परंतु एकट्या मुलाला सीमेवर नेऊन सोडता येत नाही, त्याचे घर कोणते आणि आई कोण, याची खात्री आधी करावी लागते.

पडद्यावरचा हा कागद वडिलांच्या पेटीत सापडला. ही मुलाची नेपाळमधील जन्मनोंदणी. लिपी देवनागरीच, त्यामुळे ती सर्वांना वाचता आली. मात्र जन्मसाल २०७२ पाहून प्रत्येक टेबलावर कागद अडला. नेपाळचा सरकारी कारभार विक्रम संवतानुसार चालतो. हे साल म्हणजे इसवी सन २०१५-१६. त्याहून मोठा पेच पत्त्याचा होता. २०१७ मध्ये नेपाळने जुन्या गाव विकास समित्यांची पुनर्रचना करून देशभरात ७५३ स्थानिक संस्था उभ्या केल्या, त्यात कागदावरच्या समितीचे नाव गेले आणि वॉर्डाचा क्रमांकही बदलला. जिल्हा बाल संरक्षण कक्षातील ताईंनी दिल्लीच्या नेपाळी दूतावासाला पत्र पाठवलेच; पण उत्तराची वाट पाहत न बसता जुन्या नावावरून नवी गाउँपालिका, म्हणजे ग्रामीण भागातील स्थानिक संस्था, शोधून काढली आणि तेथील वॉर्ड कार्यालयात फोन लावला. एवढी चौकशी प्रत्येक जिल्ह्यात व्हायलाच हवी, कारण कागद अडला की मूल बालगृहातच वाढत राहते.

वॉर्ड कार्यालयातून झालेला हा व्हिडिओ कॉल.

दूतावासाचे पत्र आल्यावर बाल कल्याण समितीने मुलाला घरी पाठवण्याचा आदेश दिला. नागपूरहून रेल्वेने उत्तरेकडे, पुढे उत्तराखंडातील बनबसा आणि शारदा नदीच्या बंधाऱ्यावरून पलीकडे गड्डाचौकी, असा हा प्रवास. सीमेवर दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांच्या सह्या झाल्या आणि मुलगा आईच्या स्वाधीन झाला.

मुलाला गावच्या शाळेत चौथीत प्रवेश मिळाला असून वडिलांचा थकलेला पगार आईला मिळवून देण्याचे काम अद्याप सुरू आहे.