पाणी आधी शेवटच्या शेताला

नमस्कार मंडळी.

आपल्या नाशिक जिल्ह्यात कालव्याच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना 'टेल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कालवा धरणापाशी निघतो ते हेड. मग चाऱ्या, पोटचाऱ्या फुटत फुटत तो जिथं संपतो ते टेल. माझं माहेर टेलचं. आवर्तन सुटल्याची, म्हणजे कालव्याला पाणी सोडल्याची बातमी आली की वडील रात्री बॅटरी घेऊन चारीवर जाऊन बसायचे. पहाटे परत यायचे तेव्हा त्यांच्या चपलांकडे बघितलं की कळायचं. चिखल असला तर पाणी आलं. बहुतेक वेळा चपला कोरड्या असायच्या. पाणी धरणात होतं, कागदावर आमच्या नावाचंही होतं. वाटेत कुणी चारी फोडली, कुणी रात्रीतून दोनदा भरणं, म्हणजे शेताला पाणी देणं उरकलं, हे विचारायचं कुणाला, तेच ठाऊक नव्हतं.

सहकाराबद्दल बोला असं मला आकाशवाणीनं सांगितलं, तेव्हा मला आधी या चपला आठवल्या.

दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या टेलला, ओझरकडच्या शेतकऱ्यांची हीच गत होती. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे या दोघांनी समाज परिवर्तन केंद्राच्या मार्फत त्यांना एकत्र केलं. १९९०च्या सुमाराला तिथं पाणी वापर सहकारी संस्था उभ्या राहिल्या. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा ही त्या पहिल्या संस्थांची नावं. व्यवहार साधा होता. पाटबंधारे खात्यानं संस्थेला पाणी मोजून द्यायचं. आत ते कसं वाटायचं, पाणीपट्टी कशी गोळा करायची, चारी कुणी साफ करायची, हे सभासदांनी ठरवायचं. आणि भरणं टेलपासून सुरू करायचं, मग वर वर यायचं.

या शेवटच्या नियमापाशी मला जरा थांबायचं आहे. टेलला आधी पाणी देणं ही दयाबुद्धी नाही. पाणी शेवटपर्यंत न्यायचंच असं ठरलं की अख्खी चारी दुरुस्त ठेवावी लागते. मधे गळती असली, गवत माजलं असलं, तर ते हेडच्या माणसालाही चालत नाही, कारण खालचं भरणं झाल्याशिवाय त्याची पाळी येत नाही. काल ज्याला टेलशी देणंघेणं नव्हतं, तोच आज फावडं घेऊन खालच्या अंगाला येतो. माणसं एका रात्रीत चांगली झाली नव्हती. नियम असा बसवला होता की शेजाऱ्याचं नुकसान ते आपलंही नुकसान व्हावं.

पुढे वाघाडच्या सगळ्या कालव्यावर मिळून २४ संस्था झाल्या आणि त्यांनी प्रकल्पाचं पाणीवाटप आपल्या हाती घेतलं. २००५ साली राज्यानं सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन व्हावं म्हणून कायदा केला, त्यामागे ओझरसारख्या ठिकाणचा अनुभव होता. संस्थेच्या संचालक मंडळात वरच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तिन्ही भागांतले सभासद असलेच पाहिजेत, असं तो कायदा सांगतो. माझ्या वडिलांच्या काळी टेलचा माणूस कुठल्याच टेबलापाशी बसलेला नसे.

ही अक्कल आपल्याला परक्यांनी शिकवलेली नाही. बागलाण, कळवण, मालेगाव या पट्ट्यात मोसम, आरम, गिरणा या नद्यांवरची फड पद्धत तीन-चारशे वर्षांची आहे. नदीवर बंधारा, त्याच्या पाटाखाली जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, ते फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि कोणतं, ते मिळून ठरवायचं. पाण्याला हात पाटकऱ्यानं लावायचा, शेतकऱ्यानं स्वतः नाही. त्याचा मोबदला शेतकरीच द्यायचे, म्हणून तो उत्तर द्यायचा तेही त्यांनाच. पाऊस कमी झाला तर एखादा फड कोरडा ठेवायचा. पुष्कळांची जमीन एकाहून जास्त फडांत असायची, म्हणून टंचाई एकट्यादुकट्याच्या बोकांडी बसत नसे. सुगी वाटून घेणारे पुष्कळ भेटतात. दुष्काळ वाटून घेण्याची रीत बसवली, याचं मला फार मोल वाटतं. इर्जिक आणि सावड हे शब्दही त्याच मातीतले. आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या.

आता जे बोलायला जड जातं ते बोलते.

माझ्या आईनं दोन म्हशींच्या दुधावर बावीस वर्षं पैसा साठवला आणि गावातल्या एका पतसंस्थेत ठेवला. नाव घेत नाही. नावानं काही परत येणार नाही. एका सोमवारी ती पैसे काढायला गेली तर शटर अर्धं खाली आणि बाहेर गर्दी. संचालकांनी आपल्याच नात्यागोत्यात कर्जं वाटली होती, तारण म्हणून दाखवलेल्या जमिनी पडीक माळाच्या निघाल्या. आईला तिच्या ठेवीतले थोडेसे पैसे पाच वर्षांनी मिळाले. या राज्यात ही गोष्ट एकट्या माझ्या आईची नाही, हे ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे.

पण मला त्याहून जास्त टोचलेली गोष्ट दुसरी आहे. मी त्या संस्थेच्या वार्षिक सभेला दोनदा गेले होते. दारात रजिस्टरवर सही, हातात पिशवी आणि अहवाल, आत चिवडा-चहा. सचिवांनी विषय वाचला की पुढच्या चार रांगा ओरडायच्या, "मंजूर, मंजूर!" नऊ विषय वीस मिनिटांत संपले. मी तो अहवाल घरी आणला आणि त्याचा कागद फळीवर अंथरला. त्यात थकबाकीचा आकडा छापलेला होता. मी शिक्षिका, मला वाचता येत होतं, आणि मी वाचला नाही. याचं दुःख मला आजही होतं.

सहकार बुडतो तो लबाड संचालकांमुळे, हे खरंच आहे. पण लबाडाला मोकळं रान सभासदांची मुकी बसण्याची सवय देते. सहकारात एका सभासदाला एकच मत असतं, शेअर एक असो की शंभर. जगात माणसाला मान पैशाच्या मापानं मिळतो, तिथं ही फार मोठी गोष्ट आहे. पण ते मत पाच वर्षांतून एकदा वापरायचं आणि मधे तोंड उघडायचं नाही, असं केलं तर त्याचं मोल उरत नाही.

आईचा जीव पुन्हा कशात रमला असेल तर तो तिच्या बचत गटात. तेरा बायका, महिन्याच्या दर दहा तारखेला ओट्यावर बैठक. त्यातल्या पाच जणींना अक्षर ओळख नाही. म्हणून हिशोब मोठ्यानं वाचायचा, सगळ्यांच्या कानावर घालायचा, पेटीतली रोकड सगळ्यांसमोर मोजायची. कर्ज कुणाला द्यायचं तेही तिथंच ठरतं. एकीच्या सुनेचं बाळंतपण आणि दुसरीची शेळी, यात आधी काय, यावर एकदा तासभर भांडण झालं. त्या भांडणाचा मला हेवा वाटला. कारण पैसा आपला आहे असं वाटल्याशिवाय कुणी त्यासाठी तासभर भांडत नाही.

द्राक्षपट्ट्यात बाग खाली करून व्यापारी पैसे बुडवून पसार झाल्याच्या गोष्टी दर हंगामात ऐकू येतात. मोहाडीला सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली, माल निवडण्यापासून परदेशी पाठवण्यापर्यंतचं काम शेतकऱ्यांच्या मालकीचं झालं, हे त्याला उत्तर आहे. मला त्याचा अभिमान आहे.

तरी एक प्रश्न राहतोच. त्याच बागांत ऑक्टोबर छाटणीला, विरळणीला, डिपिंगला म्हणजे घड औषधात बुडवायला, पेठ आणि सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या येतात. पाणी संस्थेचा सभासद होतो जमीनवाला. कंपनीचा सभासद होतो बागवाला. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, तो या सगळ्या सहकाराच्या बाहेर, बांधावर उभा. याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड. १९३०च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात ते पुढे होते आणि १९६४ साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. देवळाच्या दारापासून जमिनीपर्यंत त्यांचा प्रश्न एकच होता. आम्हाला आत कधी घेणार?

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथं पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणसांवर धरला. घरात माणसं किती, त्यावर पाणी. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. उसाला मनाई. हे जमलं होतं, आपल्याच राज्यात जमलं होतं. मग आमच्या द्राक्षपट्ट्यात छाटणीच्या टोळीला नफ्यात वाटा द्यायला काय हरकत आहे? मी हे माझ्या भावाला विचारलं, त्याचीही दोन एकर बाग आहे. तो म्हणाला, "ताई, चार जण मिळून ठरवलं तर मी देईन. एकट्यानं नाही जमायचं." मला ते उत्तर प्रामाणिक वाटलं. आता त्या चार जणांना गाठायचं आहे.

सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. संस्थेचे उपविधी, तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक हे सभासदाला कचेरीत जाऊन बघता येतं, त्याचे पैसे पडत नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या ३२व्या कलमात ते लिहिलं आहे. गेल्या आठवड्यात आमच्या दूध संस्थेचा अहवाल घरी आला. आईनं चष्मा पुसला आणि विचारलं, "यातलं कोणतं पान आधी बघायचं?" मी थकबाकीचं पान काढून दिलं. ती आकड्यांवरून बोट फिरवत बराच वेळ बसली होती. दोन नावांखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारली आहे.

सभा रविवारी अकराला आहे. आम्ही दोघी साडेदहालाच जाऊन पहिल्या रांगेत बसणार आहोत.

नमस्कार.