परदेशी जाताना नकाशा घरूनच न्या

श्रोतेहो, नमस्कार.

खान्देशातून परदेशी जाणारे आता पुष्कळ आहेत. कुणी मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघते, कुणी उमराहसाठी मक्केला, कुणी स्वतःची गाडी काढून गोरखपूर, सोनौलीमार्गे पशुपतिनाथाला. तिथे पोहोचल्यावर तक्रार मात्र एकच: नेट नाही, म्हणून नकाशा चालत नाही.

यातला एक गैरसमज आधी दूर करू. जीपीएसला नेट लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह संदेश पाठवत असतात. त्यातल्या चारांचे संदेश मिळाले की आपण कुठे आहोत हे फोनला कळते आणि त्याचा पैसाही पडत नाही. नेट लागते ते आपली जागा दाखवणाऱ्या निळ्या ठिपक्याखालच्या रस्त्यांना, गल्ल्यांना, नावांना. ते घरच्या वायफायवर उतरवून घेतले की परदेशात डेटा रोमिंग बंद ठेवूनही काम चालते.

गुगल मॅप्स उघडा. वर उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवा, ऑफलाइन मॅप्स निवडा, मग ‘सिलेक्ट युअर ओन मॅप’. पडद्यावर एक चौकट येईल. ती हव्या त्या शहरावर सरकवा, लहानमोठी करा आणि डाउनलोड दाबा. किती जागा लागणार ते तिथेच दिसते. पण एक मोठी मेख लक्षात ठेवा: नेट नसताना गुगल फक्त गाडीचा रस्ता सांगतो. पायी जाण्याचा नाही, बस-रेल्वेचाही नाही. सकाळी फिरायला बाहेर पडलेल्या आजी-आजोबांची नेमकी इथेच पंचाईत होते.

म्हणून सोबत ऑरगॅनिक मॅप्स हे नकाशाचे अ‍ॅप ठेवाच. ते फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि पायवाटाही दाखवते. त्याचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात जगभरचे लोक आपापल्या गावचे रस्ते स्वतः भरतात. मोठ्या देशांचे नकाशे इथे तुकड्यांनी मिळतात. न्यू जर्सीत मुक्काम असला तरी न्यू यॉर्कचा तुकडाही घ्या, नाहीतर हडसन नदीपाशी रस्ता तुटतो. काही भागांत घरक्रमांक भरलेले नसतात. त्यामुळे मुक्कामाची जागा निघण्याआधीच खूण करून साठवा.

मुलाकडून आकड्यांत ठिकाण मागवले, तर आधी अक्षांश, मग रेखांश. अमेरिकेच्या रेखांशाआधी उणे चिन्ह असते. न्यू यॉर्क ४०.७१, उणे ७४.०१. ते उणे गळाले की खूण थेट किरगिझस्तानच्या डोंगरात जाऊन बसते!

विमानातून उतरल्यावर ठिपका लवकर सापडत नाही, म्हणून घाबरू नका. एरवी उपग्रहांच्या जागांची माहिती फोन नेटवरून क्षणात घेतो. नेट नसले की ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते. एका उपग्रहाला स्वतःची माहिती पाठवायला ३० सेकंद लागतात आणि सगळ्या उपग्रहांचे वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटे. विमानतळाच्या छपराखाली हे होणार नाही. बाहेर मोकळ्या आभाळाखाली या आणि फोन हातात धरून थोडा वेळ उभे राहा.

चीनला जाणाऱ्यांनी वेगळी तयारी करावी. तिथे गुगल उघडत नाही. शिवाय तिथल्या नकाशांचे आकडे सरकारी नियमाने मुद्दाम सरकवलेले असतात, म्हणून बाहेरच्या नकाशावर ठिपका शेकडो मीटर चुकू शकतो. चीनमध्ये तिथलेच आमॅप हे नकाशाचे अ‍ॅप वापरा.

नेपाळला गाडी नेणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे गाडीत रस्ता दाखवणारे गार्मिन कंपनीचे यंत्र आहे, त्यांनी आत कोणत्या देशाचा नकाशा आहे ते आधी पाहावे. नेपाळचा नसल्यास ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेला गार्मिनचा नकाशा फुकट मिळतो. यंत्राला मेमरी कार्डाची खाच हवी. कार्ड फॅट-३२ या फाइल साठवण्याच्या पद्धतीने फॉरमॅट करा, त्यात गार्मिन नावाचे फोल्डर करा आणि नकाशाची आयएमजी फाइल त्यात टाका. या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. म्हणून आख्खा आशिया न घेता नेपाळपुरताच नकाशा घ्या. मार्ग दाखवणाराच नकाशा आहे ना, हेही तपासा. काही नकाशे नुसते बघण्यापुरते असतात.

आता निघण्याआधीची परीक्षा. घरीच फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा. बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरीही चालू राहते. गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर जाऊन निळा ठिपका येतो का ते पाहा. मग ऑरगॅनिक मॅप्समध्ये परदेशातला मुक्काम शोधा आणि तिथून जवळच्या दुकानापर्यंतचा पायी रस्ता मागा. रस्ता आला नाही, तर बहुधा फाइल अर्धवट उतरली आहे किंवा शेजारचा तुकडा राहिला आहे. जुनी फाइल काढून टाका आणि वायफायवर पुन्हा उतरवा.