भंगारातला शेगडा

नमस्कार, श्रोतेहो.

सायकलच्या दुकानात किंवा यंत्रमागाच्या शेडमध्ये टेबलाला बोल्टने आवळलेला दोन जबड्यांचा शेगडा तुम्ही पाहिला असेल. आयटीआयची मुलं त्याला व्हाइस म्हणतात. आज मी बोलणार आहे ते त्याच्या थोरल्या भावाबद्दल, पायाच्या शेगड्याबद्दल. याचा एक पाय टेबलाखालून थेट जमिनीपर्यंत जातो. लोहाराच्या कामाच्या जागी ऐरणीच्या शेजारी हा उभा असायचा. आता तो दिसतो भंगारवाल्याच्या वाड्यात, तोही नीट शोधलात तर.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. निवृत्त झाल्यावर जुळे सोलापुरातल्या आमच्या घरामागे पत्र्याची शेड घातली, छोटी भट्टी मांडली आणि लोखंड तापवायला शिकले. खुरपी, विळे, उलथणी, दाराच्या कड्या असं काहीबाही करते. शेडमधलं जवळजवळ प्रत्येक हत्यार भंगारातून आलेलं आहे, आणि ते तसं यावं असं मला मनापासून वाटतं.

आपलं गाव गिरण्यांचं. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, तिच्यामागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. मोठ्या गिरणीचं स्वतःचं वर्कशॉप असे. तुटलेला दांडा तिथेच जोडायचा, झिजलेला भाग तिथेच घडवायचा. गिरण्या बंद पडल्या, पुढे कितीतरी शेडमधले जुने माग निघाले, आणि मागांबरोबर त्यांना दुरुस्त करणारी हत्यारंही निघाली. ती किलोवर विकली जातात आणि भट्टीत वितळून त्यांची सळई होते. शंभर वर्षं टिकलेला शेगडा एका दुपारी ट्रकमध्ये पडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडच्या बाजूला एका वाड्यात मागाच्या चाकांच्या ढिगाखालून एक लांब पाय बाहेर आलेला दिसला. ढीग उपसून काढला तर पुरा शेगडा. काट्यावर २८ किलो भरला. स्क्रू जाम, स्प्रिंग गायब, अंगावर गंजाचे पापुद्रे. मी हातोडीने जबड्याला हलकेच टकटक केली. रेडिओवर हे सांगायला मला आवडतं, कारण ही परीक्षा कानाचीच आहे. बीड, म्हणजे साच्यात ओतलेलं लोखंड, असेल तर बसका, मडक्यासारखा आवाज येतो. घडीव लोखंड देवळातल्या घंटेसारखं वाजतं आणि आवाज थोडा वेळ रेंगाळतो. हा वाजला.

हा फरक का महत्त्वाचा? टेबलावरचे पुष्कळसे शेगडे बिडाचे असतात. बिडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. घट्ट दाबून धरायला बीड उत्तम, पण घणाचा घाव त्याला सोसत नाही. त्या पापुद्र्यांच्या कडेनेच तडा जातो. पायाचा शेगडा भट्टीत तापवून ठोकून घडवलेला असतो, आणि घाव बसला की तो पायातून जमिनीत उतरतो. लालभडक सळई उभी धरून वाकवायची, पीळ द्यायचा, डोकं ठोकून फुगवायचं, तर शेगडा हाच हवा.

घेताना मात्र गंजाकडे बघू नका, स्क्रूकडे बघा. गंज निघतो; झिजलेले आटे परत येत नाहीत. पायाच्या शेगड्याचे आटे चौकोनी असतात. स्क्रू बाहेर येत असेल तर बोटाने आट्यांची कड चाचपा. कड धारदार लागली तर ती झिजून पातळ झाली आहे. मागच्या नळीत, म्हणजे ज्यात स्क्रू फिरतो त्या पेटीत, टॉर्च मारून बघा. पेटीतले आटे गेलेले असतील तर बाकी शेगडा कितीही देखणा असो, तुमच्या कामाचा नाही.

पहिल्या शेगड्याच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं. जाम झालेला स्क्रू सोडवायला मी दांडीत चार फुटी पाइप घालून लोंबकळले. आतून कर्रर्र आवाज आला आणि स्क्रू एकदम मोकळा फिरायला लागला. आटे सोलून निघाले होते. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

या वेळी मी आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या लोहारमामांकडे गेले. त्यांनी शेगड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाई, जोर न्हाई लावायचा. डिझेल पाजा आठ दिस. मग तापवा, गार करा, परत तापवा. सुटतंय बघा." मी तसंच केलं. रोज सकाळी पेटीच्या तोंडाशी डिझेल सोडायचं आणि लाकडी हातोड्याने चार टोले द्यायचे. आठ दिवसांनी डिझेल नीट पुसून, पूर्ण सुकवून मग पेटी बाहेरून तापवली. सुकवण्यात आळस करू नका, ओल्या डिझेलजवळ आग नेणं म्हणजे अपघाताला बोलावणं. पेटी लालही होऊ द्यायची नाही. जुन्या पेट्यांत आतले आटे पितळेच्या झाळाने बसवलेले असतात, झाळ वितळला की सगळंच गेलं. बाहेरची पेटी आधी तापते, आतल्या स्क्रूपेक्षा थोडी जास्त फुगते आणि गंजाची पकड फुटते. तापलेल्या सांध्याला मी मेणबत्ती टेकवली. पातळ मेण आत ओढलं गेलं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. तिसऱ्या फेरीला दांडी केसभर हलली. मग पुढे थोडी, मागे थोडी, परत पुढे. सगळा स्क्रू बाहेर यायला संध्याकाळ झाली.

गंज काढायला ग्राइंडर हातात घेऊ नका, एवढं माझं ऐका. ग्राइंडर गंजाबरोबर घडवणाऱ्याच्या हातोडीच्या खुणा, ठसे, सगळं खरवडून टाकतो. त्यापेक्षा वीज वापरा. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, दर चार लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर. चार्जरचं ऋण टोक शेगड्याच्या भागाला आणि धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला. उलट जोडलं तर शेगडाच विरघळायला लागेल. पत्रा स्टेनलेस स्टीलचा कधीच नको, त्यातल्या क्रोमियमपासून विषारी संयुगं पाण्यात उतरतात. सोड्याच्या जागी मीठही नको, क्लोरिन वायू सुटतो. शेगड्यावरून जे बुडबुडे निघतात तो हायड्रोजन, म्हणून हे काम उघड्यावर करायचं, जवळ विडी-काडी नको, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी चार्जर बंद. पत्र्यासमोरची बाजू आधी साफ होते, म्हणून मधूनमधून वस्तू फिरवायची. एका रात्रीत लाल गंज सुटून काळी पूड होते, ती तारेच्या ब्रशने निघते. चांगलं लोखंड तसंच राहतं.

विजेची भीती वाटत असेल तर आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने काय कमी आहेत! एक भाग मळी, नऊ भाग पाणी. दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. वास मारतो, पण हातोड्या, सांडशा, पाने निघतात अगदी स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढचा जबडा टबातून काढला आणि ब्रश मारायला लागले. डाव्या बगलेवर काळ्या पुडीखालून आधी एक तिरपी रेघ दिसली. मग तिला छेदणारी दुसरी, आणि खाली छोटा गोल. छिन्नीच्या बारीक बारीक टोल्यांनी कोरलेला मराठी ४. वरून एक आडवी खूण, घाईत मारल्यासारखी. मी ब्रश खाली ठेवला. ग्राइंडर लावला असता तर हा आकडा दहा सेकंदांत उडाला असता.

स्प्रिंग नव्हती, ती केली ट्रकच्या पाट्यातून. पाटा म्हणजे भंगारातलं सोनं. चांगलं स्प्रिंगचं पोलाद, घडवायला सोपं. तुकडा तापवून पातळ केला, बाक दिला. मग चुंबक चिकटेनासा होईपर्यंत तापवला, साधारण ७७० अंशांना तसं होतं, त्यानंतर थोडा आणखी, आणि तेलात बुडवला. पाण्यात बुडवला असता तर तडकला असता. नंतर घासून उजळ केला आणि निळा रंग चढेपर्यंत परत हलका शेकला. आता स्क्रू सैल केला की जबडा आपोआप उघडतो.

भंगारातलं सगळंच भट्टीत घालायचं नसतं. जस्त चढवलेला पाइप तापवला की पांढरा धूर येतो आणि त्याने थंडीताप भरतो. गाडीचा शॉकअॅब्सॉर्बर बंद नळी असते, आगीत तो फुटतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. आणि ऐरणीसाठी रुळाचा तुकडा घेताय? पावती घ्या. रेल्वेचा माल बेकायदा जवळ बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

साफ झालेले भाग मी शेगडीवर हाताला चटका बसेल इतके गरम केले आणि जवसाचं तेल पातळ चोळलं. काळाभोर, सुंदर रंग येतो, गंजही लवकर धरत नाही. फक्त तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, फडकी आपोआप पेटतात, आणि आपल्या उन्हाळ्यात तर पारा ४२-४३ अंशांपर्यंतही जातो. दोरीवर पसरून वाळवा.

शेगडा बसवला बाभळीच्या जाड खांबाला. खांब दोन हात जमिनीत गाडलेला. जबडा माझ्या कोपराच्या उंचीला. पायाखाली शहाबादी फरशी ठेवू नका, ती पहिल्याच दिवशी तडकते. मी काळ्या दगडाचा ठोकळा पुरला आहे.

पहिलं काम केलं ते मामांच्या विळ्याची दांडी सरळ करण्याचं. मामांनी तो ४ बोटाने चाचपला आणि म्हणाले, "म्हंजे अजून तीन तरी हुते की." तेव्हापासून प्रत्येक वाड्यात मी आधी डाव्या बगला बघते. श्रोतेहो, तुमच्या शेडमध्ये, गोठ्यात, आजोबांच्या सामानात पायाचा शेगडा पडला असेल आणि त्यावर १, २ किंवा ३ कोरलेला दिसला, तर काट्यावर चढवायच्या आधी त्याच्या स्क्रूत डिझेल सोडा आणि आठ दिवस थांबा.

नमस्कार.