माय्सेनची तपकिरी पदके

तळहातावर मावणारे, नाण्याहून किंचित जाड असे हे पदक दिसायला तांब्याचे वाटते, पण ते भाजलेल्या मातीचे आहे. तिरप्या उजेडात गुडघे टेकून बसलेल्या स्त्रीच्या शालीच्या चुण्या एकेक करून उठून दिसतात, आणि काठाजवळ एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींची खूण. ही खूण जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील माय्सेन कारखान्याची.

पहिल्या महायुद्धात जर्मनीतील तांबे आणि निकेल दारूगोळ्याकडे वळले, चर्चच्या घंटादेखील वितळवल्या गेल्या. युद्ध संपले तरी टंचाई सरली नाही. तेव्हा १७१० पासून चिनी मातीचे काम करणाऱ्या या कारखान्याने १९२० च्या अखेरीस मातीची नाणी पाडली आणि त्याच कसबाने, युद्धात कामी आलेल्यांच्या स्मारकांसाठी वर्गणी गोळा करणारी पदकेही घडवली.

पांढऱ्या चिनी मातीआधी किमयागार योहान फ्रीड्रिश बोट्गर यांना साधली होती ती ही तांबूस माती, जी ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, न देताही पाणी शोषत नाही. शिल्पकार आधी मोठ्या आकारात उठावाचे चित्र कोरतो, त्यावरून साचा होतो, साच्यात माती दाबली जाते आणि ती वाळल्यावरच भट्टीत जाते. भट्टीत माती आक्रसते; पांढरी चिनी माती तर सुमारे एक षष्ठांशाने. म्हणून साचा घडवतानाच ही घट हिशेबात धरावी लागते. एवढ्या आकुंचनातूनही चेहऱ्याची रेघ न बिघडता बाहेर येते, याला आम्ही कारागिरीची कसोटी मानतो. यांतील बरीचशी पदके आणि नाणी कारखान्याचे शिल्पकार एमिल पॉल ब्यॉर्नर यांनी रेखली.

१९२३ च्या महागाईत ही नाणी कवडीमोल झाली.

संग्राहक पदक उचलून नखाने हलकेच टिचकी मारतात. खणखणीत नाद आला तर पदक धड, बद्द आवाज आला तर आत कुठे तरी तडा गेलेला. कडेचा टवका भिंगाखाली पाहिला जातो. सोनेरी रंग लावलेले पदक मात्र ते कापडानेही पुसत नाहीत, कारण तो रंग घासण्याने जातो. कोणत्या गावाने, कोणासाठी पदक काढले याची चिठ्ठी प्रत्येक पदकासोबत ठेवण्याचा त्यांचा आग्रह आहे, आणि आमच्या मते तो योग्यच आहे. चिठ्ठी हरवली की बाजारात उरते ती केवळ किंमत.

माय्सेनच्या निकोलाय चर्चमध्ये ब्यॉर्नर यांनी घडवलेल्या, माणसाहून उंच चिनी मातीच्या आकृती उभ्या आहेत. भोवती गावातून युद्धावर गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांची नावे आहेत.

इकडे संग्राहकाच्या टेबलावर टवका उडालेले पदकही मखमलीच्या खणात, आपल्या चिठ्ठीसह ठेवले जाते.