गाऱ्हाण्यामागचे आवाज

(दृश्य: राजापूर तालुक्यातला सडा, म्हणजे कातळाचं पठार. एप्रिलची दुपार. तापलेला कातळ, कडेला काजूची झाडं.)

या काकींचं नाव आम्ही सांगणार नाही. वाडीही नाही. तुम्हाला फक्त त्यांचे हात दिसतील. काजूच्या चिकानं बोटांची सालं निघालेली, नखांच्या कडा काळ्या. त्या हातांनी त्या प्लॅस्टिकची पिशवी उघडतात. आत रेशनकार्ड आहे, सातबारा आहे आणि चार घड्या घातलेली पोलिसांची नोटीस. तुमच्यामुळे शांतता भंग होण्याची शक्यता आहे, असं त्यात लिहिलंय.

"मी गुंड हाय काय?" काकी विचारतात. आणि कागद पुन्हा त्याच घड्यांवर दुमडतात.

चेहरा दाखवायचा नाही, हे आम्ही त्यांच्याशी बोलूनच ठरवलं. आपल्या जमिनीबद्दल, पाण्याबद्दल ग्रामसभेत उभं राहून बोललेल्या बाईला कॅमेऱ्यासमोर चेहरा झाकावा लागतो. या फिल्मचा विषय तोच आहे.

काकींसारख्या माणसांना जगभर एक नाव आहे: मानवाधिकार रक्षक. ९ डिसेंबर १९९८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं त्यांच्यासाठी एक जाहीरनामा मंजूर केला. एकट्यानं किंवा चारचौघांनी मिळून, शांततेच्या मार्गानं माणसांच्या हक्कांसाठी झटण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि असं झटणाऱ्याला धमकी, हिंसा, सूडबुद्धीची कारवाई यांपासून वाचवणं ही सरकारची जबाबदारी आहे, असं तो सांगतो. त्यासाठी पद लागत नाही, संस्थेचं ओळखपत्र लागत नाही. मच्छीमार चालतो, शिक्षक चालतो, काजू सोलणारी बाई चालते. गावातला बातमीदारही चालतो.

(दृश्य: मुंबई-गोवा महामार्ग, राजापूरजवळचा पेट्रोल पंप. गाड्यांची ये-जा. पार्श्वसंगीत नको.)

६ फेब्रुवारी २०२३. सोमवार. पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी त्या दिवशी सकाळीच छापून आली होती. याच तालुक्यातल्या बारसूच्या नियोजित रिफायनरीच्या, म्हणजे तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या, एका समर्थकाबद्दलची. दुपारी या पंपाजवळ त्यांच्या दुचाकीला एका मोठ्या गाडीनं उडवलं आणि फरफटत नेलं. गंभीर पेशंट कोकणातून घाट चढून कोल्हापूरला न्यायचा, हे आपल्याकडे ठरलेलंच; वारिशेंनाही तसंच नेलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या रुग्णालयात ते गेले. वय ४८. ज्याच्याबद्दल बातमी होती, त्याच माणसाला पोलिसांनी अटक केली.

बरोबर एक महिन्यापूर्वी, ६ जानेवारीला, महाराष्ट्रानं पत्रकार दिन साजरा केला होता. १८३२ साली याच तारखेला 'दर्पण' हे वृत्तपत्र निघालं; ते सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर जन्मले ते शेजारच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्यात. मराठी पत्रकारितेचं माहेर इथलं. राजापूर आणि पोंभुर्ले नकाशावर इतकी जवळ आहेत, की आम्हाला त्यावर बोट ठेवून पुढे जाववेना.

पुढचं नीट ऐका. सुरुवातीला या प्रकरणात सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं होतं. मग जिल्ह्याजिल्ह्यांतले पत्रकार रस्त्यावर उतरले, तहसीलदारांना निवेदनं गेली, देशाबाहेरच्या पत्रकार संघटनांनी पत्रकं काढली. त्यानंतर खुनाचं कलम लागलं आणि विशेष तपास पथक नेमलं गेलं. गेलेला माणूस परत येत नाही. पण आवाज उठला नसता तर ही फाईल अपघाताच्या गठ्ठ्यात गेली असती, अशी भीती तेव्हा राजापुरात अनेकांना वाटत होती, आणि आम्हालाही ती खोटी वाटत नाही.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळानं २०१७ मध्येच कायदा मंजूर केला होता. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. चांगलं झालं. पण कायदा जागा होतो तो घाव बसल्यावर. आधीचे महिने, म्हणजे 'सांभाळून राहा' असे फोन, दुकानात बंद झालेली उधारी, बायकोला बाजारात गाठून दिलेला निरोप, यांची नोंद कुठे होते? ती नोंद करणं, हेच अशा माणसांसाठी चालवलेल्या मोहिमेचं खरं काम.

(दृश्य: पुन्हा सडा. कातळशिल्पाच्या रेषा, जवळून.)

बारसूच्या या कातळावर पुरातन काळी कुणीतरी माणूस आणि जनावरं कोरली. २०२२ मध्ये हा कातळ युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेला. एप्रिल २०२३ मध्ये इथेच रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. बायका उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. २८ एप्रिलला लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला. त्याआधीच काही आंदोलकांना तडीपारीच्या नोटिसा लागल्या होत्या.

तडीपारी म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला विचारा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम ५६. दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. म्हणजे दोन पेरण्या गेल्या, दोन लावण्या गेल्या, आंब्याचे दोन हंगाम गेले, आणि घरात गणपती येईल तेव्हा घरातला कर्ता माणूस नाही. पण आदेशाआधी तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते, वकील देता येतो, साक्षीदार आणता येतात. आदेश झाल्यावर ३० दिवसांत सरकारकडे अपील करता येतं. हे किती वाड्यांना माहीत आहे? भीतीनं कागद पिशवीत जातो आणि मुदत निघून जाते.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगात अशा रक्षकांसाठी वेगळी व्यवस्था आहे. तक्रारीला पैसे लागत नाहीत. मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते. काय झालं, कधी, कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत, कोण साक्षीला होतं, एवढं साध्या भाषेत लिहायचं आणि नोटिशीचा फोटो जोडायचा. काकींची तक्रार त्यांच्या भाचीनं मोबाइलवरून पाठवली.

(दृश्य: देवळाचा सभामंडप. गाऱ्हाणं सुरू आहे.)

आपल्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. बोलतो एकच माणूस. पण प्रत्येक वाक्यामागे सगळा मांड, म्हणजे जमलेली माणसं, एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" तो होकार आला नाही तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. धोक्यातल्या माणसासाठी चालवलेली मोहीम आम्हाला यापेक्षा नेमक्या शब्दांत सांगता येत नाही. एकानं बोलायचं, आणि बाकीच्यांनी मागे उभं असल्याचं ऐकू येईल असं सांगायचं. एकटा बोलणारा हेरायला सोपा असतो.

१९३३ साली अलिबागजवळच्या चरी गावातून खोतीविरुद्ध, म्हणजे खोत जमीनदारांच्या वसुलीविरुद्ध, शेतकऱ्यांचा संप उभा राहिला आणि वर्षानुवर्षं टिकला. शेतं पडीक राहिली, पोटाला चिमटे बसले, पण गावच्या गाव एकत्र असल्यामुळे कुणा एकट्याला वेचून काढणं जमलं नाही.

आज तो होकार मुंबईतूनही येतो. चाकरमान्यांच्या ग्राममंडळांत गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग ठरतं, त्याच बैठकीत गावातल्या केसचंही बोलणं होतं. कोण वकिलाला फोन करणार, कोण आमदाराला पत्र लिहिणार, कोण तारखेला सुट्टी काढून गावी जाणार.

(दृश्य: काकींचं घर. भिंतीवर कालनिर्णय.)

एका तारखेभोवती लाल पेनानं गोल आहे. त्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत हजर राहायचंय. मागच्या वेळी काकी एकट्या गेल्या होत्या. दिवसभर बाकावर बसल्या, कुणी पाणी विचारलं नाही, आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परतल्या.

या वेळी सकाळची पहिली एसटी वळणावर आली तेव्हा थांब्यावर आधीच माणसं उभी होती. शेजारच्या दोन वाड्यांतल्या बायका, मुंबईहून रात्रीच उतरलेला पुतण्या, हायस्कूलचे निवृत्त गुरुजी. कुणाच्या हातात फलक नव्हता. डबे होते. कंडक्टरनं विचारलं, "एवढी सगळी कुठं?"

काकींनी पिशवी छातीशी धरली होती. तिकीट गुरुजींनी काढलं.