‘कफाची गोळी’ म्हणू नका!

नमस्कार मंडळी! ठाण्याच्या नौपाड्यात मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून माझी पंधरा वर्षं गेली. पावसाळा लागला की कमेंटमध्ये एकच प्रश्न: "दादा, ती कफाची टू-इन-वन गोळी घेऊ का?" म्हणजे कफ पातळ करणारं औषध आणि अँटिबायोटिक एकाच गोळीत.

साध्या गोष्टी झटपट उरकतो. गोळी डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्यायची. दिवसातून तीनदा सांगितली असेल तर साधारण आठ-आठ तासांनी. सोबत खोकला दाबणारं सिरप आपल्या मनाने नको. एकीकडे कफ सोडवायचा आणि दुसरीकडे तो बाहेर काढणारा खोकलाच दाबायचा, काय अर्थ आहे?

आता माझं दुखणं. तिला ‘कफाची गोळी’ म्हणू नका! त्यात अँटिबायोटिकही असतं. गोळ्यांच्या पत्त्याच्या, म्हणजे स्ट्रिपच्या, मागे बघा: अँब्रॉक्सॉल किंवा ब्रोमहेक्सिन कफ पातळ करतं, पण शेजारी सेफिक्झिम नाहीतर अमॉक्सिसिलिन बसलेलं असतं. नाव चुकलं की सगळंच चुकतं. कफ सुटला की लोक गोळी सोडतात, डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले असले तरी.

माझ्या आईला पेनिसिलिनची ॲलर्जी. डॉक्टरांना न चुकता सांगते. पण शेजारच्या काकूंनी "कफाची आहे गं" म्हणत अर्धा पत्ता दिला, तर निमूट घ्यायला निघाली! पत्त्याच्या मागे वाचलं, तर अमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनचंच भावंड. अंगावर पुरळ, ओठ सुजणं, श्वास अडकणं, असं झालं तर गोळी बंद करून थेट हॉस्पिटल गाठायचं.

आणि काही जण आधीच एक अँटिबायोटिक घेत असतात, त्यावर ही ‘कफाची’. झाली दोन! कोणी विचारलं तर म्हणतात, "एकच चालू आहे."

कमेंटमध्ये एक जण भांडलाय, घोडबंदर रोडच्या धुळीने खोकला येतो तर अँटिबायोटिक का नको? अहो, ते बॅक्टेरियाला मारतं, धुळीला नाही. साध्या सर्दीच्या व्हायरसलाही नाही.

अमॉक्सिसिलिन-ब्रोमहेक्सिन ही जोडी तर केंद्र सरकारने जून 2023 मध्ये बंदच केली. डब्यात जुना पत्ता पडला असेल तर वापरू नका.

आणि गोळ्या कापून घेताना नाव आणि एक्स्पायरी असलेली बाजू मागा. मेडिकलवाला कुरकुरेल. मीही कुरकुरतो. तरी मागा.